गटाराचा अर्ज कुठे अडतो? कल्याण-डोंबिवली महापालिकेचं कामकाज, सोप्या भाषेत

१५ जानेवारी २०२६ रोजी राज्यातल्या २९ महापालिकांसाठी मतदान झालं. कल्याण-डोंबिवलीकरांनी त्याआधी महापालिकेसाठी मत दिलं होतं ते १ नोव्हेंबर २०१५ रोजी. तेव्हा निवडून आलेल्या सभागृहाची मुदत नोव्हेंबर २०२० मध्ये संपली आणि पुढची पाच वर्षं शहराचा कारभार प्रशासकाने पाहिला. आधी कोरोना, मग ओबीसी आरक्षणाचा न्यायालयीन वाद, मग सारखी बदलत राहिलेली प्रभागरचना. शेवटी मे २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने निवडणुका घेण्याचा आदेश दिला, तेव्हा कुठे गाडं हललं. २०१६ साली अठरा वर्षांचा झालेला मुलगा आपल्या महापालिकेसाठी पहिलं मत द्यायला गेला तेव्हा सत्तावीस-अठ्ठावीस वर्षांचा झाला होता. संविधान पालिकेला पाच वर्षांची मुदत देतं आणि ती संपायच्या आत नवी निवडणूक व्हावी असं सांगतं, हे लक्षात घेतलं तर ही गोष्ट किती गंभीर आहे ते कळतं.

इतक्या मोठ्या खंडामुळे झालं असं की महासभा म्हणजे काय, स्थायी समिती काय करते, विषयपत्रिका कधी निघते, हे सगळं लोकांच्या डोक्यातून निघूनच गेलं. तक्रारी मात्र वाढल्या. रस्ते, पाणी, कचरा, फेरीवाले, अनधिकृत बांधकामं. प्रत्येकाकडे अर्जाची पोच असते, आणि पुढे काय झालं हे कुणालाच माहीत नसतं. माझं म्हणणं एवढंच आहे: अर्जाचं काम व्हायला त्याच्यामागे अंदाजपत्रकातली तरतूद आणि कुणाची तरी मंजुरी लागते. ती कुठे मिळते आणि कधी मिळते हे कळलं, की पाठपुरावा योग्य टेबलावर करता येतो.

निर्णय कोण घेतं?

मुंबईसाठी १८८८ चा स्वतंत्र कायदा आहे. कल्याण-डोंबिवली, ठाणे, नवी मुंबई, वसई-विरार, पुणे अशा बाकी महापालिका महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियमाखाली चालतात. हा मूळचा १९४९ चा कायदा. (शेजारचं बदलापूर नगरपरिषदेत मोडतं, त्यांचा कायदा १९६५ चा, वेगळा.)

या कायद्यात सत्ता तीन ठिकाणी वाटलेली आहे. सगळे नगरसेवक मिळून महासभा. कल्याण-डोंबिवलीत निवडून आलेले १२२ आहेत. धोरण, कराचे दर, अंदाजपत्रकाची अंतिम मंजुरी, विकास आराखड्यातल्या जमिनींच्या आरक्षणातले बदल हे महासभेचे विषय. त्यांच्यातूनच पक्षांच्या संख्याबळानुसार सोळा जणांची स्थायी समिती होते आणि ठरावीक रकमेच्या वरच्या निविदा तिच्यापुढे येतात. तिसरे आयुक्त. ते राज्य सरकारने नेमलेले अधिकारी असतात आणि अंमलबजावणीचे सगळे अधिकार त्यांच्याकडे असतात.

महापौर कुठे आले मग? महापौर महासभेचं अध्यक्षस्थान भूषवतात, विषय पुकारतात, चर्चा चालवतात, आदेश देतात. पण एखाद्या कंत्राटदाराचं बिल थांबवण्याचा किंवा अभियंत्याची बदली करण्याचा प्रशासकीय अधिकार आयुक्तांचा. महापौरांच्या दालनाबाहेर तासभर ताटकळणाऱ्या माणसाला हे आधी माहीत असेल तर बरं. महापौरांकडे जावं ते विषय सभेपुढे आणण्यासाठी. कामाच्या अंमलबजावणीसाठी आयुक्तांच्या यंत्रणेकडे, म्हणजे बहुतेक वेळा आपल्या प्रभाग क्षेत्राच्या (म्हणजे काही प्रभाग मिळून केलेल्या प्रशासकीय विभागाच्या) सहायक आयुक्तांकडे.

आणखी एक बदल ध्यानात ठेवायला हवा. २०१५ मध्ये एका प्रभागाला एक नगरसेवक होता. आता एका प्रभागात बहुतेक ठिकाणी चार नगरसेवक आहेत आणि ते एकाच पक्षाचे असतीलच असं नाही. एकाकडे गेलात तर ‘तो भाग अमुक पाहतात’ असं उत्तर मिळू शकतं. म्हणून मागणीचं पत्र चौघांच्या नावे एकच काढावं आणि चौघांकडून पोच घ्यावी. कायद्याने चौघेही पूर्ण प्रभागाचे प्रतिनिधी आहेत. आपापसात गल्ल्या वाटून घेतल्या असतील तर तो त्यांचा समजुतीचा मामला.

एका गटाराचा प्रवास

समजा, तुमच्या गल्लीतलं गटार अरुंद आहे, दर पावसात तुंबतं आणि तळमजल्यात पाणी शिरतं. तुम्ही प्रभाग कार्यालयात अर्ज देता. कनिष्ठ अभियंता येऊन पाहून जातो. इथे पहिला फाटा फुटतो. गाळ काढणं, तुटलेलं झाकण बदलणं हे देखभालीचं काम. त्याचं वार्षिक कंत्राट आधीच दिलेलं असतं, त्यामुळे ते काही दिवसांत व्हायला हवं. गटार रुंद करणं हे मात्र नवं भांडवली काम, आणि त्याचा रस्ता अगदी निराळा.

नव्या कामासाठी अभियंता प्राकलन तयार करतो: किती मीटर लांबी, किती खोदाई, किती काँक्रीट, दर काय, एकूण खर्च किती. मग प्रश्न येतो की हा पैसा कुठल्या लेखाशीर्षाखाली, म्हणजे अंदाजपत्रकातल्या कोणत्या ओळीत, टाकायचा आणि तिथे तरतूद शिल्लक आहे का. तरतूद नसेल तर फाइल तिथेच थांबते. ती कुणी नामंजूर करत नाही, त्यामुळे नकाराचं पत्र तुम्हाला कधीच येत नाही. ‘निधी उपलब्ध होताच विचार केला जाईल’ एवढं एक वाक्य येतं. माझ्या मते नागरिकांची सगळ्यात जास्त फरफट याच जागी होते, कारण आपण अभियंत्याशी भांडत असतो आणि अडचण लेखा विभागात असते.

तरतूद असेल तर तांत्रिक मंजुरी, प्रशासकीय मान्यता, निविदा, रक्कम मोठी असेल तर स्थायी समितीची मंजुरी, मग कार्यादेश. काम सुरू झालं की मोजमाप पुस्तिकेत नोंदी होतात आणि त्यावरून बिल निघतं. कामानंतर ठरावीक काळ दोषदायित्वाचा असतो. त्या काळात काम खराब झालं तर कंत्राटदाराने स्वखर्चाने दुरुस्त करायचं.

हा दोषदायित्वाचा मुद्दा मला फार महत्त्वाचा वाटतो. रस्ता वर्षभरात उखडला की आपण ‘नवीन रस्ता करा’ असा अर्ज देतो. आणि आपल्याच अर्जाच्या आधारे त्याच रस्त्यासाठी पुन्हा निविदा निघू शकते. त्याऐवजी पहिल्या अर्जात विचारावं: या रस्त्याचा शेवटचा कार्यादेश कोणत्या तारखेचा, कंत्राटदार कोण आणि दोषदायित्व कधी संपतं? उत्तर आलं नाही तर माहिती अधिकारात दहा रुपयांचा अर्ज करा, तीस दिवसांत उत्तर द्यावं लागतं. त्या कायद्याखाली नुसती कागदांची प्रत मिळते असं नाही. कामाची प्रत्यक्ष पाहणी करण्याचा आणि साहित्याचे नमुने घेण्याचाही हक्क त्यात आहे. मोजमाप पुस्तिकेची प्रत हातात घेऊन, सोसायटीतल्या एखाद्या निवृत्त अभियंत्याला सोबत नेऊन टेपने गटाराची लांबी मोजली, की पुढच्या बोलण्याचा सूरच बदलतो.

पावसात तक्रार, थंडीत निर्णय

तरतुदीचा प्रश्न सुटतो तो अंदाजपत्रकात. त्याचं वेळापत्रक कायद्यातच आहे. पुढच्या वर्षीच्या करांचे दर महासभेने २० फेब्रुवारीच्या आत ठरवायचे असतात. मालमत्ता कर किंवा पाणीपट्टी वाढीच्या बातम्या दरवर्षी फेब्रुवारीतच का येतात, त्याचं कारण हे. आयुक्त अंदाजपत्रक तयार करून स्थायी समितीला सादर करतात, समिती त्यात फेरफार करून महासभेपुढे ठेवते आणि ३१ मार्चच्या आत ते मंजूर व्हावं लागतं.

आपल्या तक्रारींचा हंगाम मात्र जून ते सप्टेंबर. तेव्हा चालू वर्षाच्या तरतुदी ठरून गेलेल्या असतात आणि पुढच्या वर्षाचा विचार सुरू झालेला नसतो. खातेप्रमुख आपापल्या मागण्या लेखा विभागाकडे पाठवतात त्या दिवाळीनंतर. म्हणून गटार रुंद करून हवं असेल तर जुलैत फोटो आणि तारखा जमवून ठेवाव्यात आणि नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये प्रभागातल्या चारही नगरसेवकांना आणि कार्यकारी अभियंत्यांना लेखी पत्र द्यावं, की पुढील वर्षाच्या अंदाजपत्रकात या कामासाठी तरतूद करावी. हे एक वाक्य पत्रात असलं की कागद वेगळ्या फाइलला लागतो.

अंदाजपत्रकाचं पुस्तक जाडजूड असतं, पण ते वाचणं वाटतं तितकं अवघड नाही. प्रत्येक लेखाशीर्षापुढे रकाने असतात: मागच्या वर्षी प्रत्यक्ष किती जमा झाले किंवा खर्च झाले, चालू वर्षाचा सुधारित आकडा आणि पुढच्या वर्षाचा अंदाज. ओळ आडवी वाचायची. एखाद्या उत्पन्नाच्या ओळीत मागच्या वर्षाची प्रत्यक्ष जमा आणि पुढच्या वर्षाचा अंदाज यांत दुपटीचा फरक दिसला, तर तिथे पेन्सिलने खूण करावी. तो पैसा आला नाही की त्याच्या भरवशावर धरलेली कामं कात्रीत सापडतात. खर्चाच्या बाजूला ‘दायित्व’ शोधावं. म्हणजे मागच्या वर्षांत दिलेल्या कामांची द्यायची राहिलेली बिलं. नव्या कामांसाठी खरोखर किती उरतं हे वर्तमानपत्रात छापून येणाऱ्या एकूण आकड्यावरून कळत नाही. पगार, निवृत्तिवेतन, वीजबिल, कर्जाचे हप्ते आणि हे दायित्व वजा केल्यावर कळतं.

उत्पन्नाची बाजू गेल्या काही वर्षांत पार बदलली आहे. जकात गेली, तिच्या जागी आलेला स्थानिक संस्था कर ऑगस्ट २०१५ पासून बहुतांश व्यापाऱ्यांना माफ झाला आणि जुलै २०१७ मध्ये जीएसटी आला. आता राज्य सरकार महापालिकांना दरमहा भरपाई देतं. स्वतःच्या हातात राहिलेलं मोठं उत्पन्न म्हणजे मालमत्ता कर, पाणीपट्टी आणि बांधकाम परवानग्यांमधून येणारा पैसा.

हे आपल्या हद्दीत येत नाही

उपनगरात राहणाऱ्यांना हे वाक्य तोंडपाठ असतं. कधी ती टोलवाटोलवी असते, पण पुष्कळदा ते खरंही असतं. कल्याण-शिळ रस्ता राज्य रस्ते विकास महामंडळाचा. डोंबिवलीच्या औद्योगिक वसाहतीतल्या निवासी भागात आणि २७ गावांत पाण्याचा मुख्य पुरवठादार एमआयडीसी, म्हणजे औद्योगिक विकास महामंडळ. स्टेशनच्या आवारातली जागा रेल्वेची. मोठे उड्डाणपूल आणि मेट्रो एमएमआरडीएकडे, म्हणजे मुंबई महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाकडे. बारावे, मोहिली आणि नेतिवली इथल्या जलशुद्धीकरण केंद्रांचं उल्हास नदीचं पाणी मात्र महापालिकेचं स्वतःचं. त्यामुळे एकाच शहरात, दोन चौकांच्या अंतरावर, नळाला पाणी नाही म्हणून दोन वेगवेगळ्या कार्यालयांत जावं लागतं.

२७ गावांची कहाणी तर याहून गुंतागुंतीची. १९८३ साली महापालिका झाली तेव्हा ही गावं तिच्यात होती, २००२ मध्ये वगळली, १ जून २०१५ पासून पुन्हा घेतली. २०२० मध्ये त्यांतली १८ गावं वेगळी काढून नगरपरिषद करायचा निर्णय झाला आणि त्याच वर्षी डिसेंबरमध्ये उच्च न्यायालयाने तो रद्द केला. तिथल्या लोकांचं म्हणणं सरळ आहे: कर शहराचा आणि सोयी खेड्याच्या. मधल्या तेरा वर्षांत तिथे जी बेसुमार बांधकामं उभी राहिली त्यांना आता पाणी, गटार, रस्ता हे सगळं महापालिकेनेच द्यायचं आहे. दोन्ही बाजूंची अडचण खरी आहे, पण हद्दीचा घोळ मंत्रालयात झाला आणि त्याचे चटके पाण्याच्या टँकरमागे धावणाऱ्या बायकांना बसतात, याचा मला मनापासून राग येतो.

हद्द नक्की कुणाची हे विचारायची सोपी तऱ्हा म्हणजे लेखी विचारणा: ‘सदर रस्ता आपल्या ताब्यात आहे किंवा कसे, नसल्यास अर्ज संबंधित प्राधिकरणाकडे वर्ग करून मला कळवावे.’ माहिती अधिकाराच्या अर्जाबाबत तर असा अर्ज पाच दिवसांत योग्य कार्यालयाकडे पाठवण्याचं बंधनच आहे.

एकाच माणसाच्या दोन सह्या

प्रशासकाच्या काळात शहरातली कामं थांबली होती असं म्हणणं अन्यायाचं होईल. आधारवाडीच्या डम्पिंग ग्राउंडवर कचरा टाकणं मे २०२१ मध्ये बंद झालं ते त्याच काळात. अनेक वर्षांची मागणी होती, न्यायालयाचे ताशेरे होते. कचऱ्याची नीट विल्हेवाट लावली जात नाही म्हणून उच्च न्यायालयाने एप्रिल २०१५ मध्ये शहरातल्या नव्या बांधकाम परवानग्याच रोखल्या होत्या आणि त्या सुरू व्हायला वर्ष गेलं होतं. मग उंबर्डे, बारावे इथले कचरा प्रक्रिया प्रकल्प पुढे आले. निर्णय झटपट होतात हा प्रशासकाच्या राजवटीचा गुण मान्य करायला हवा.

पण नेहमीच्या रीतीत प्रस्तावासोबत आयुक्तांकडून गोषवारा येतो. हे काम का हवं, खर्च किती, कुठल्या तरतुदीतून, पर्याय कोणते तपासले, हे त्या टिपणीत असतं. विषयपत्रिका साधारण आठवडाभर आधी निघते. सभेत कुणीतरी सूचक होतो, कुणी अनुमोदन देतो, विरोधक गोषवाऱ्यातली त्रुटी काढतात, उपसूचना येते, कधी विषय तहकूब होतो. प्रशासक असताना महासभेचे आणि स्थायी समितीचे अधिकारही त्याच अधिकाऱ्याकडे असतात. प्रस्ताव मांडणारा आणि मंजूर करणारा एकच. मधे प्रश्न विचारणारं कुणी नाही, प्रेक्षक सज्जा रिकामा, पत्रकारांना बातमी कळते ती निर्णय झाल्यावर.

याच काळात डोंबिवली परिसरातल्या ६५ इमारतींचं प्रकरण गाजलं. महापालिकेच्या बनावट बांधकाम परवानग्या दाखवून महारेराचे (गृहप्रकल्पांची नोंदणी करणाऱ्या राज्याच्या नियामक प्राधिकरणाचे) नोंदणी क्रमांक मिळवले गेले, त्या भरवशावर लोकांनी घरं घेतली, आणि नोव्हेंबर २०२४ मध्ये उच्च न्यायालयाने त्या इमारती पाडण्याचे आदेश दिले. फसवणूक आधीची आहे आणि सभागृह असतं तर ती टळली असती असा दावा मी करणार नाही. सभागृह असतानाही अनधिकृत बांधकामं झालीच आहेत. पण आयुष्याची पुंजी घालून बसलेल्या त्या कुटुंबांचा विषय मांडायला, त्यावर लक्षवेधी सूचना द्यायला आणि नगररचना विभागाकडून भर सभेत उत्तर मागायला तिथे निवडून आलेला एकही माणूस नव्हता. घर घेणाऱ्याने यातून एक गोष्ट उचलावी: बिल्डरने दाखवलेल्या परवानगीचा जावक क्रमांक आणि तारीख नगररचना विभागाकडून लेखी तपासून घ्यावी. रेराचा क्रमांक त्याला पर्याय नाही.

सभागृह आलं म्हणून सगळं आपोआप नीट होतं असंही नाही. ऐनवेळचे विषय चर्चेविना मंजूर होतात, गोंधळात महत्त्वाचे प्रस्ताव निघून जातात. कायद्याच्या किंवा लोकहिताच्या विरुद्ध ठराव झाला तर राज्य सरकार तो निलंबित किंवा विखंडित, म्हणजे रद्द, करू शकतं. नागरिकांच्या दृष्टीने फरक इतकाच, की सभेत झालेल्या गोष्टीचं इतिवृत्त असतं, कोण काय बोललं ते त्यात असतं आणि ते मागता येतं.

आपल्याला कुठे शिरता येतं

महासभा कायद्याने लोकांसाठी खुली आहे. सदस्यांनी बहुमताने एखादा विषय खासगीत घेण्याचं ठरवलं तरच अपवाद. सज्जात बसून ऐकता येतं, बोलता येत नाही. आपलं म्हणणं मांडायचं ते नगरसेवकाच्या प्रश्नातून, म्हणून सभेच्या आधी त्याच्या हातात नेमका प्रश्न आणि कागद असावा लागतो.

त्याहून जवळची जागा म्हणजे आपल्या प्रभाग क्षेत्रातल्या नगरसेवकांची प्रभाग समिती. पाणी, मलनिस्सारण, सफाई, पावसाळी गटारं यांच्या तक्रारी निकालात काढणं हे तिचं कायद्यातलं कामच आहे, आणि ठरावीक रकमेपर्यंतची कामं ती स्वतः मंजूर करू शकते. तिच्यावर त्या भागातल्या सामाजिक संस्थांचे जास्तीत जास्त तीन प्रतिनिधी घेता येतात. हे तीन सदस्य कसे आणि कुणातून निवडले जातात यावर नागरिकांचं लक्ष असायला हवं, कारण कुठल्याही पक्षाच्या तिकिटाशिवाय आत बसण्याची ती जागा आहे.

आणि क्षेत्रसभा. मतदान केंद्रांच्या आसपासच्या मतदारांनी एकत्र बसून आपल्या भागातल्या कामांचा अग्रक्रम ठरवावा, ही तरतूद २००९ मध्ये कायद्यात आली. गावाला ग्रामसभा तशी शहराला ही. पण ती कागदावरच राहिली. नवं सभागृह बसलं आहे, चार-चार नगरसेवकांचे मोठे प्रभाग झाले आहेत आणि नगरसेवक व मतदार यांच्यातलं अंतर वाढलं आहे. अशा वेळी क्षेत्रसभा सुरू करण्याचा ठराव महासभेत मांडावा, अशी मागणी करणारं पत्र प्रत्येक सोसायटीने, प्रत्येक चाळ समितीने द्यायला हवं असं मला वाटतं.

वैयक्तिक तक्रार असेल तर महिन्याच्या पहिल्या सोमवारचा लोकशाही दिन आहे. अर्ज पंधरा दिवस आधी द्यावा लागतो, न्यायालयात असलेला विषय तिथे चालत नाही, आणि आधी खालच्या पातळीवर दाद मागितल्याची पोच सोबत असावी. विकास आराखडा किंवा आरक्षणबदलाची सूचना निघाली तर हरकती-सूचनांसाठी साधारण महिनाभर मिळतो. तेवढ्यात लेखी हरकत नोंदवलीत तर सुनावणीला बोलवावं लागतं. मुदत संपल्यावर काढलेल्या मोर्चाची तिथे नोंद होत नाही.

पत्र लिहिताना विषयाच्या ओळीत ठिकाण आणि कामाचा प्रकार लिहा, मजकुरात आधीच्या अर्जांचे आवक क्रमांक द्या, आणि शेवटी एकच मागणी ठेवा: गाळ काढा, किंवा तरतूद करा, किंवा दोषदायित्वात दुरुस्त करून घ्या. पाच मागण्यांचं पत्र पाच विभागांत फिरतं आणि उत्तर कुणीच देत नाही.